शिक्षक आधी जातो, पट नंतर पडतो: शालेय शिक्षण विभागाला एक खुले पत्र

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच सर्व जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी

विषय: डोंगरी तालुक्यांतल्या कमी पटाच्या शाळा

महोदय,

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त उपशिक्षिका. ३१ वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीचशी पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, भोर, वेल्हे, मुळशी अशा डोंगरातल्या तालुक्यांत. मे २०२५ अखेर निवृत्त झाले. नोकरीत असताना वरिष्ठांना काही कळवायचं तर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशा पायऱ्यांनी कळवावं लागतं, आणि आपलं म्हणणं वर पोचेपर्यंत त्यातली शाळा गळून जाते, आकडा तेवढा उरतो. आता मला ती बंधनं नाहीत. म्हणून सरळ तुम्हालाच लिहिते.

सांगायची गोष्ट एकच आहे. तुमच्या कागदावर असं दिसतं, की वाडीतल्या शाळेचा पट आधी कमी होतो आणि मग नाइलाजानं तिथला शिक्षक काढावा लागतो. मी इतकी वर्षं जे पाहिलं ते याच्या उलट आहे. आधी शिक्षक जातो. पट त्यानंतर पडतो. शाळा बंद करण्याचा आदेश येतो तोवर ती शाळा दोन-तीन वर्षांपूर्वीच बंद पडायला लागलेली असते, आणि तिची सुरुवात पालकांनी केलेली नसते.

वेल्हे तालुका घ्या. सरकारी कागदात त्याचं नाव आता राजगड झालं आहे, आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. पुणे जिल्ह्यातला हा सगळ्यात कमी लोकवस्तीचा तालुका. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या साधारण ५५ हजार भरली, आणि तीही सव्वाशेच्या आसपास गावांत विखुरलेली. नगरपालिका नाही, शहर म्हणावं असं एकही ठिकाण नाही. तोरणा आणि राजगड या दोन गडांच्या पायथ्याला कानंदीचं आणि गुंजवणीचं खोरं, डोंगर ओलांडला की आंबीचं आणि मोसेचं. पुण्याहून तालुक्याच्या गावी दीड-दोन तासांत पोचता येतं, म्हणून मुंबईत बसून हा तालुका जवळचा वाटतो. पण तिथून पुढे केळदकडे मढे घाटाच्या तोंडाशी जा, किंवा पानशेतच्या फुगवट्याच्या पार शेवटी घोळकडे जा, म्हणजे किलोमीटर आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळतं. गावठाण एका सोंडेवर, त्याची वाडी दुसऱ्या सोंडेवर, धनगरवाडा त्याच्याही वर, कातकरी वस्ती खाली ओढ्याकाठी. महसुली दप्तरात हे सगळं मिळून एक गाव.

अशा वाडीच्या शाळेत १२ मुलं आहेत, १५ आहेत, १८ आहेत, यात शाळेचं अपयश कुठे आलं? वाडीत घरंच वीस-बावीस. त्यातली निम्मी माणसं पुण्या-मुंबईला कामाला. भात, नाचणी, वरई एवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून माणूस बाहेर पडतो. जी घरं उरलीत त्यांतली जवळजवळ सगळी मुलं आमच्या शाळेत येतात. मोठ्या गावातली ५०० पटाची शाळा गावातल्या निम्म्याच मुलांना धरून असेल, तरी तुमच्या यादीत ती चांगली ठरते. वाडीतली शाळा वाडीतलं एकूण एक मूल धरून असते आणि ती 'कमी पटाची' म्हणून वेगळ्या यादीत जाते.

ही शाळा चालते कशी, तेही सांगते, कारण यादी करणाऱ्यांनी ती आत बसून पाहिली असेल असं मला वाटत नाही. दोन खोल्या, पुढे पडवी. पहिली-दुसरी एका बाईंकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या गुरुजींकडे, पाचवी जोडलेली असेल तर तीही त्यांच्याकडेच. एका खोलीत दोन वर्ग म्हणजे अर्धा फळा पहिलीचा, अर्धा दुसरीचा. एका बाजूला तोंडी काम सुरू असताना दुसऱ्या बाजूला लेखी. हे जमतं. नीट केलं तर छान जमतं, कारण दुसरीतलं मूल पहिलीच्या मुलाला शिकवताना स्वतः पक्कं होतं. पण याला एक अट आहे. पहिलीचं मूल जिच्या हाताला लागलं आहे, ती बाई वर्षभर तिथं पाहिजे.

एक मुलगी आठवते. धनगरवाड्यावरची, पहिलीत आलेली. जूनपासून दिवाळीपर्यंत ती वर्गात एक शब्द बोलली नाही. हजेरी घेताना मान हलवायची तेवढीच. मी तिला बोलायला लावलं नाही. पाटी दिली की गिरवायची, चित्र काढायची, खिचडी खायची, घरी जायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्यांवर ती एकटीच बसली होती. शेजारच्या गोणीवर छापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. मी आत वजनकाटा आणायला गेले आणि मला ऐकू आलं, "भा... र... ती... य." मी दारातच थांबले. तिनं पुन्हा वाचलं, या वेळी जोडून. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, ह्यो भ आपल्या पाटीवरचाच हाय." पाच महिन्यांनी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य. तिच्याबरोबर पहिलीत सहा मुलं होती. म्हणून मला पाच महिने वाट बघता आली.

आता त्याच शाळेतून एक शिक्षक काढा. पाच वर्ग, एक माणूस. सकाळी परिपाठ, हजेरी, मग तांदूळ-डाळ मोजून स्वयंपाकी ताईंना देणं, खिचडी झाली की मुलांना वाढण्याआधी स्वतः चव घेऊन नोंदवहीत लिहिणं, आज किती ताटं झाली ते मोबाइलवर भरणं. आमच्याकडे मोबाइलला रेंज शाळेत नसते, टेकाडावर जावं लागतं. म्हणजे तेवढा वेळ शाळेत कुणी नाही. महिन्यातून एकदा शिक्षण परिषद, मधून मधून तालुक्याला बैठक, शिवाय मतदार याद्यांचं काम, सर्वेक्षणं. दोन शिक्षक असताना एक जातो, दुसरा वर्ग एकत्र करून बसवतो. एकच शिक्षक असेल तर शाळेला कुलूप, नाहीतर चौथीतली एखादी समजदार पोरगी बाकीच्यांना पाढे म्हणायला लावून बसते. मी अशी पोरगी पाहिली आहे. दहा वर्षांची. हातात छडी नव्हती, खडू होता. तिच्या स्वतःच्या अभ्यासाचं काय, हे मी तिला विचारू शकले नाही.

मग पालक काय करतात? आईबाप अडाणी असले तरी शाळेला आठवड्यातून किती दिवस कुलूप आहे ते त्यांना मोजता येतं. खाली डांबरी रस्त्यावर सकाळी खासगी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते. ज्याला महिन्याचे पैसे देणं शक्य आहे तो पहिला जातो. मग ज्याला शक्य नाही तोही बकरी विकून जातो, कारण वाडीतली चार मुलं गाडीत बसून जाताना बघून पाचव्याच्या पोटात कालवतं. कुणी बहिणीकडे कात्रजला ठेवतो, कुणी आश्रमशाळेत. दोन वर्षांत १८ चे ९ होतात. मग तुमच्या दप्तरात नोंद होते, 'पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे असल्याने पट घटला.' या नोंदीत शिक्षक काढल्याची तारीख कुठेच नसते. एवढंच करा, घटलेल्या पटाशेजारी शिक्षकाचं पद कधीपासून रिकामं आहे त्याची तारीख लिहायला लावा. दोन रकाने शेजारी शेजारी आले, की मी काय म्हणते ते तुम्हाला मी न सांगता दिसेल.

पट मोजण्याचीही एक हकीकत आहे. कोणत्या तालुक्यातली, कोणत्या शाळेतली ते लिहीत नाही, कारण कुणा एका कार्यालयाकडे बोट दाखवायचं नाही. ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं, आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरतात. आमच्या शाळेत तेव्हा २२ मुलं बसत होती. रोज बसत होती, मी रोज हजेरी घेत होते. त्यातली तीन कातकरी वस्तीवरची सख्खी-चुलत भावंडं. दोघांच्या आधारवरची जन्मतारीख शाळेतल्या दाखल्याशी जुळेना. तिसऱ्याचं आधारच नव्हतं, कारण त्याच्या आईचंही नव्हतं. मी त्यांच्या आज्याला घेऊन तालुक्याच्या केंद्रावर दोन वेळा गेले. पहिल्या वेळी यंत्र बंद. दुसऱ्या वेळी आज्याच्या बोटांचे ठसेच उमटेनात. आयुष्यभर कोळसा पाडलेला माणूस, बोटांवरच्या रेघा राहिल्याच नव्हत्या. ऑपरेटर भला होता, त्यानं चार-पाच वेळा बोटं पुसून ठेवायला लावली, मग तोच कंटाळून गप्प बसला. तारीख उलटली. आमच्या २२ पैकी १९ मुलं पटावर धरली गेली.

१९ आणि २२ यांत फरक काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात पहिली ते पाचवीच्या शाळेला २० पर्यंतच्या पटाला एका नियमित शिक्षकाची हमी उरली, आणि दुसरा लागलाच तर निवृत्तांमधून. २१ वं मूल आलं, की दुसरं नियमित पद. म्हणजे त्या आज्याच्या पुसल्या गेलेल्या ठशांवर शाळेचं दुसरं पद गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात कमी पटाच्या शाळेत दोनांपैकी एक जागा महिना १५ हजार मानधनावर कंत्राटी भरायची असं ठरलं, शिक्षकांनी २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभर सामूहिक रजा घेतली, मीही घेतली. नंतर त्या निर्णयात फेरफार झाले. पण वाडीला त्यातून एवढंच कळलं, की आपल्या शाळेत माणूस कायमचा यायचा नाही.

ही काही गेल्या दोन वर्षांतली गोष्ट नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिसळायचं ठरलं होतं. मग २१ सप्टेंबर २०२३ ला आयुक्त कार्यालयानं पत्र काढून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचे, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा करायचे, प्रस्ताव मागवले. तेव्हा आलेली आकडेवारी मी वहीत उतरवून ठेवली आहे. अशा शाळा १४,७८३, त्यांत मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. हा आकडा सांगताना सूर असा होता, की एवढ्याशा मुलांमागे एवढे शिक्षक वाया चाललेत. मला त्यात पावणेदोन लाखांवर मुलं दिसली, जी आज घरून चालत शाळेत जातात. यातली किती मुलं वाहनानं जातील, किती चालत जातील आणि किती जाणारच नाहीत, हा चौथा आकडा मी शोधत राहिले.

खर्चाचं मला कळतं. एका मुलामागे डोंगरातल्या शाळेचा खर्च शहराजवळच्या शाळेपेक्षा जास्त पडतो, हे कबूल. पण हिशेब करायचाच तर पुरता करू या. पानशेत धरणाची साठवण १०.६५ टीएमसी आणि वरसगावची १२.८२ टीएमसी. पुणे शहर जे पाणी पितं त्यातला मोठा वाटा या दोन धरणांतून जातो. ते पाणी ज्या खोऱ्यांत साठलं, तिथली तळातली भाताची खाचरं आणि गावं त्याखाली गेली. माणसं दौंडपर्यंत पांगली, उरलेली वर डोंगराच्या कडेला सरकली. वस्त्या विखुरल्या, रस्ते पाण्याला वळसे घालू लागले, त्याला एक मोठं कारण ते पाणी आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते पुण्याच्या लक्षात आहे, कारण पुणं बुडालं. ही खोरी कायमची बुडाली. आज त्याच काठावरच्या वाडीला 'तुमची वस्ती विखुरलेली आहे म्हणून शाळा परवडत नाही' असं सांगायचं, हे मला लागतं.

समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण आमच्या बाजूचेही लोक कधी कधी डोळे मिटून विरोध करतात. तुमच्या २०२३ च्या त्या पत्रात नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पानशेत ही दोन उदाहरणं दिली आहेत. पानशेतची शाळा आमच्याच तालुक्यातली. आसपासच्या वाड्यांतली मुलं तिथं गाडीनं येतात. प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक आहे, खेळायला दोन संघ होतील इतकी मुलं आहेत. चौथी-पाचवीच्या मुलाला बरोबरीची आठ-दहा मुलं मिळणं ही चैन नाही, त्याची गरज आहे. वाडीच्या शाळेत चौथीत एकटाच मुलगा असतो तेव्हा त्याच्या तोंडावर जो एकटेपणा दिसतो, तो मी पाहिला आहे. कोण जास्त लवकर गणित सोडवतो अशी साधी चढाओढ त्याला कधी मिळत नाही. मोठ्या मुलांसाठी समूह शाळा चांगली, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण पानशेतला डांबरी रस्ता आहे. आणि सहा वर्षांचं मूल म्हणजे लहान आकाराचं अकरा वर्षांचं मूल नव्हे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून आला. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असं अंतर ठरलं. ते आम्ही माहितीच्या तक्त्यात भरतो. तक्ता भरताना कुणी गाडीच्या रस्त्यानं मोजतो, कुणी मोबाइलवरच्या नकाशात सरळ रेघ मारतो, कुणी मागल्या वर्षीचा आकडा उतरवतो. मीही उतरवला आहे. मी ज्या वाडीवर होते तिथून खालच्या मोठ्या शाळेचं अंतर तक्त्यात दोन किलोमीटरच्या आत होतं. उन्हाळ्यात ते खरंही होतं. मला उतरायला अर्धा तास लागायचा, चढायला पाऊण.

जुलैत हेच अंतर कसं असतं ते सांगते. वाडीतून निघालं की पहिला उतार लाल मातीचा, त्यावर शेवाळ धरलेलं. तिथं मुलं बसून घसरतात, म्हणून सगळ्यांच्या चड्ड्या मागून फाटलेल्या. मग खाचरांचे बांध. लावणीच्या दिवसांत बांध ताजे लिंपलेले, पाय घोट्यापर्यंत जातो. मग ओढा. सकाळी गुडघाभर असतो, आणि वर डोंगरात पाऊस झाला की दुपारी कंबरेच्या वर. माझ्या कंबरेच्या. पहिलीच्या मुलाच्या तो डोक्यावरून जातो. ओढ्याच्या अलीकडे मुलं चपला काढून हातात घेतात, दप्तर खताच्या प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळून डोक्यावर. मोठी मुलं लहानांना मनगटाला धरतात, हाताला नाही, कारण ओला हात सुटतो. हे त्यांना मी शिकवलं नाही, त्यांनी मला शिकवलं. पलीकडे गेलं की जळवा काढायच्या, आणि मग पुन्हा चढ. अर्ध्या तासाचा रस्ता सव्वा तासाचा होतो. धुकं असलं तर पुढचं मूल दिसत नाही, म्हणून एकमेकांना हाका मारत चालतात.

वाडीची शाळा बंद झाली तर पहिलीतलं मूल रोज हा रस्ता दोन वेळा करणार. त्याची आई लावणीला दुसऱ्याच्या शेतात. बाप पुण्यात. सोडायला येणार कोण? मुलगा असेल तर एखाद वर्ष उशिरा का होईना घालतील. मुलगी असेल तर ती धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहील, आणि तुमच्या दप्तरात तिचं नाव खालच्या शाळेच्या पटावर 'समायोजित' म्हणून चढलेलं असेल. ती शाळाबाह्य म्हणून सापडणारही नाही, कारण कागदावर ती शाळेतच आहे.

वाहतुकीची सोय करू, असं प्रत्येक वेळी सांगितलं जातं. गाडी वाडीपर्यंत जात नाही, तिथं गाडीचा निर्णय कागदावरच राहतो. जिथं जाते तिथंही पहिल्या वर्षी गाडी असते, दुसऱ्या वर्षी चालकाचे पैसे थकतात, तिसऱ्या वर्षी निविदेची वाट. मधल्या काळात शाळेचं कुलूप मात्र पक्कं असतं. शाळा एकदा बंद झाली की पुन्हा उघडत नाही. पावसाळ्यात कौलं सरकतात, भिंतीला ओल येते, दोन वर्षांत तिथं कुणी शेळ्या बांधतं.

कमी पट हे काही नशीब नव्हे, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा तीन मुलांवर आली होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथं गेले, लोक उभे राहिले, आणि २०२५ साली त्या शाळेला जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. आम्ही सगळ्या शिक्षकांनी आपल्याच घरात लग्न असल्यासारखा तो दिवस साजरा केला. आता विचार करा, तीन मुलांचा पट बघून ती शाळा आदल्या वर्षी यादीत घालून मिटवली असती तर? तिथं आधी इमारत झाली नाही, आधी पट वाढला नाही. आधी तिथं एक शिक्षक आला. मला जे उलट्या बाजूनं सांगायचं आहे, तेच जालिंदरनगरनं सुलट्या बाजूनं दाखवलं. प्रत्येक वाडीत वारे गुरुजी मिळणार नाहीत, हे मान्य. मी स्वतः तशी शिक्षिका नव्हते. पण साधे, रोज येणारे, चार-पाच वर्षं टिकणारे दोन शिक्षक मिळाले तरी वाडीतलं मूल वाचायला-लिहायला शिकतं.

आणखी एक. अवघड क्षेत्रातल्या बदल्यांचं धोरण केलंत ते चांगलं केलंत, सोप्या गावात वर्षानुवर्षं बसलेल्यांना डोंगरात यावं लागलं. पण डोंगरात आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परत जायचे दिवस मोजतो, आणि त्याच्या जागी नवा येईपर्यंत जागा रिकामी राहते. जो स्वतःहून राहायला तयार आहे त्याला वाडीजवळ राहायला एक बरी खोली द्या, त्याच्या मुलांच्या शिक्षणाची काळजी घ्या. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्यानंतर कित्येक वर्षं गुरुजी गावातच राहत होते. ते काही सगळे संत नव्हते. गावानं त्यांना घर दिलं होतं.

आणि वस्तीशाळा आठवा. २००० च्या सुमारास याच शासनानं ठरवलं, की जिथं शाळा नाही तिथं वस्तीवरच्या झाडाखाली का होईना शाळा भरवायची. महिना हजार रुपये मानधनावर गावातल्याच शिकलेल्या पोरापोरींना निमशिक्षक केलं. त्यांनी १४ वर्षं मानधनावरच काढली, २०१४ साली ते सेवेत कायम झाले. माझ्या केंद्रात अशा तीन शाळा होत्या. तेव्हा मूल जिथं आहे तिथं शाळा न्यायची असं धोरण होतं, आणि ते बरोबर होतं. डोंगर तेव्हा होता तिथंच आहे. ओढाही तिथंच आहे.

माझं मागणं थोडं आहे. पहिली ते चौथीचे वर्ग वाडीतच ठेवा, पट कितीही असो. त्या वर्गांना दोन कायम शिक्षक द्या, आणि ही गोष्ट २०-२१ च्या आकड्याला बांधू नका. आधार न जुळलेलं मूल वर्गात बसलेलं असेल तर मुख्याध्यापकाच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीवर ते पटात धरा. पाचवीपासून पुढे समूह शाळा करायची असेल तर करा, पण गाडी आधी सुरू करा, ती एक पूर्ण पावसाळा चालवून दाखवा, आणि मगच वाडीतला तो वर्ग उचला. गाडीत चालकाशिवाय एक बाई हवी, वाडीतलीच, पगारी. आणि शाळेच्या अंतराचा रकाना नकाशावरून भरणं बंद करा. तो जुलैत, चालून, मिनिटांत भरायला लावा. पहिलीतलं मूल पुढे चालू द्या, भरणाऱ्यानं त्याच्या मागून जावं.

याबद्दल माझं बोलणं खोटं वाटत असेल तर या. एकानं तरी या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठच्या आत. पाबे घाटात त्या वेळी धुकं दाट असतं, म्हणून नसरापूरकडून आलात तर बरं, मी मार्गासनीला थांबते. तिथून गाडी जाईल तिथवर गाडीनं जाऊ, पुढे चालू. छत्रीचा उपयोग होत नाही, वारा उलटी करतो. घोंगडी मी आणते. ओढ्याशी पोचलो की मुलं चपला हातात घेतील, तशा तुम्हीही घ्या, आणि लहान मुलाला मनगटाला धरा.

आपली,
एक निवृत्त उपशिक्षिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा